लाल दोऱ्याचं मडकं

एकदा एक तळं होतं. इतकं मोठं, की पलीकडचा काठ उन्हाळ्यातही धुरकटच दिसायचा. पावसाळा सरला की तोही दिसेनासा व्हायचा, कारण त्या दिवसांत पाण्यावर जे धुकं बसायचं ते दुपार झाली तरी उठायचं नाव घेत नसे. या तळ्याकाठी एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचं गवतानं शाकारलेलं लांबलचक छप्पर होतं आणि त्याखाली खाटांच्या दोन रांगा होत्या, एक तळ्याच्या अंगाला आणि एक डोंगराच्या अंगाला.

धुकं आलं की त्या मुलखात एक ताप येई. लोक त्याला तंद्रीचा ताप म्हणत. तडफडवणारा, जाळणारा ताप नव्हता तो. माणसाचं अंग कढत व्हायचं, पापण्या जड व्हायच्या, आणि माणूस अलगद स्वप्नात शिरायचा. ओठ हलायचे, मधूनच हसू उमटायचं. नवल म्हणजे सगळ्यांना स्वप्न एकच पडे: पांढरी होडी, निश्चल पाणी आणि वल्ही मारणारं कुणीच नाही. सात-आठ दिवसांनी बहुतेक जण डोळे उघडून पेज मागत. पण दर साली दहांतला एखादा त्या होडीतून परत येत नसे.

शाळिग्रामची आई अशीच गेली होती. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिच्या उशाशी बसून त्यानं तीन दिवस तिला हाका मारल्या होत्या आणि ती स्वप्नात हसत राहिली होती. आता तो पंचविशी ओलांडलेला, आबांचा पट्टशिष्य होता. नाडी पाहण्यात हुशार, कष्टाला वाघ. खोट म्हणाल तर एकच. एखादी कल्पना त्याच्या मनात आली की तिच्यावर त्याची माया जडे. ही खोट तुमच्या-माझ्यातही आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायची घाई करू नका.

तळ्यातल्या बेटावर शाळिग्रामला एक पांढऱ्या फुलांची वेल सापडली. तिच्या मुळीला कापरासारखा वास होता. मागच्या सालच्या धुक्यात त्यानं आबांना विचारून त्या मुळीचा काढा तिघांना दिला होता आणि तिघेही उठून बसले होते. त्या दिवसापासून हा माणूस जमिनीवर चालतच नव्हता. एकदा मुळ्या निवडता निवडता तो म्हणाला, "आबा, आईच्या वेळी हे असतं तर..." आणि खाली मान घालून मुळ्या निवडत राहिला. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुळ्यांच्या सात जुड्या बांधून छपराच्या आढ्याला टांगल्या.

या साली धुकं पडायला लागलं तसा एक व्यापारी दारात आला. पैलतीरावरच्या सात गावांना तो होडीनं मीठ आणि कापड पोचवायचा. त्यातल्याच एका गावात त्याची थोरली बहीण राहत होती.

"वैद्यबुवा, वेलीची गोष्ट माझ्या कानावर आली आहे," तो म्हणाला. "मुळ्या द्या. महिन्याभरात ताप त्या काठाला पोचेल, त्याआधी मी गावोगाव वाटतो. मला त्यातून काही कमवायचं नाही. माझी अक्का आहे तिकडे."

शाळिग्राम जुड्या काढायला उठलासुद्धा. आबांनी त्याला हातानं थांबवलं.

"शेटजी, नऊ दिवस थांबा. तिघांना दिलं आणि तिघे उठले, एवढंच मला ठाऊक आहे. आता वीस जण निजले आहेत. दहांना एका मडक्यातलं देऊ, दहांना दुसऱ्यातलं. मग बोलू."

"माणसं मरताहेत बुवा, आणि तुम्ही मडकी मांडणार?"

"माणसं मरताहेत म्हणूनच," आबा म्हणाले.

आबांच्या गावात शेताला पाटाचं पाणी घ्यायची पाळी वालाच्या दाण्यांवर ठरायची. घागरीत काळे आणि पांढरे वाल टाकायचे आणि डोळे मिटून एक काढायचा. पाटलाचा जावई असला तरी वालापुढे त्याचं काही चालत नसे. आबांनी तीच घागर मागवली. प्रत्येक आजाऱ्याच्या घरच्या माणसानं येऊन एकेक वाल काढला. काळा निघाला तर तळ्याच्या अंगाची खाट आणि लाल दोऱ्याचं मडकं. पांढरा निघाला तर डोंगराच्या अंगाची खाट आणि निळ्या दोऱ्याचं मडकं. दोन्ही मडकी आबांनी स्वतः आत बसून भरली.

"कशात काय आहे ते विचारायचं नाही," त्यांनी शाळिग्रामला बजावलं. "दोघांची सेवा सारखी करायची, आणि रोज पाटीवर लिहायचं, कोण तंद्रीत आहे आणि कोण जागं झालं."

शाळिग्रामनं विचारलं नाही. पण डोळे तर उघडेच होते ना. त्याच्या मुळीचा काढा घुसळला की रिठ्यासारखा फेस यायचा, आणि लाल दोऱ्याच्या मडक्यावर बोटभर फेस होता. निळ्यावर नव्हता. तो मनातल्या मनात हसला. न विचारताच त्याला उत्तर मिळालं होतं.

मग ते नऊ दिवस स्वप्नातल्यासारखे गेले. छपरात धुकं शिरायचं, खाटांखालून संथ वाहायचं, आणि वीस माणसं कुठल्याशा होडीत बसून कुठेतरी चाललेली असायची. शाळिग्राम पहाटे उठून तळ्याच्या रांगेत जाई. ओलं फडकं ओठांना लावी, कूस बदलून देई, नाव घेऊन हाक मारी. डोंगराच्या रांगेतही तो जायचाच. तिथंही पाणी द्यायचा, कूस बदलायचा. रोज पाटी भरायचा.

दहाव्या दिवशी व्यापारी आला, तेव्हा पाटी हातात घेऊन शाळिग्राम दारातच उभा होता. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"आबा, लाल दोऱ्याचे दहांतले आठ पाचव्या दिवसाच्या आत जागे झाले. निळ्याचे फक्त तीन. देवाच्या कृपेनं गेलं कुणीच नाही. आता तरी जुड्या होडीत चढवू?"

व्यापाऱ्यानं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आबांनी दोन्ही मडकी बाहेर आणली. तळाशी थोडंथोडं उरलेलं होतं. त्यांनी लाल दोरा सोडला, निळा दोरा सोडला, आणि दोघांच्याही देखत एका मडक्यातलं दुसऱ्यात ओतलं. मग एक वाटी स्वतः प्यायले, एक व्यापाऱ्याला दिली आणि एक शाळिग्रामच्या हातात ठेवली.

"आलं आणि गूळ," व्यापारी गोंधळून म्हणाला.

"दोन्हीत तेच होतं," आबा म्हणाले. "शाळिग्रामा, आढ्याकडे बघ. जुड्या मोज."

सातच्या सात जुड्या तिथंच होत्या. त्यांच्यावर कोळ्यानं जाळंसुद्धा विणलं होतं.

शाळिग्राम बराच वेळ वर बघत राहिला. मग तो आबांकडे वळला. "तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"आजारी माणसांनासुद्धा?"

"नाही. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगून आलो होतो, की या नऊ दिवसांत औषध नाही, नेहमीची सेवाच आहे, पारखायचंय ते माझ्या शिष्याला. सगळे कबूल झाले. माहीत नव्हतं ते तुला, आणि शेटजींना."

"पण तो फेस?"

"लाल मडकं मी जरा जास्त घुसळलं होतं."

"आबा, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. आईची शपथ."

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "म्हणून तर मला भीती वाटते."

एवढ्यात डोंगराच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. चंद्राक्का होती ती, मागावर कापड विणणारी साठीची कोष्टीण. भिंतीला टेकून पेज पीत होती.

"शाळिग्राम, रागवू नकोस बाबा, पण एक सांगते. मी पाचव्या दिवशीच जागी झाले होते. पाणी मागितलं. माझ्या सुनेनं तुला बोलावून आणलं, आठवतं? तू म्हणालास, वहिनी, ही तंद्रीतली बडबड आहे. आणि निघून गेलास."

शाळिग्रामनं पाटीकडे पाहिलं. पाचवा दिवस, चंद्राक्का: बडबड. त्याच दिवशी, तळ्याच्या रांगेतला रावजी: जागा झाला, पाणी मागितलं. दोघांनी एकच शब्द उच्चारला होता. दोन्ही ओळी त्याच्याच हातच्या होत्या आणि दोन्ही लिहिताना त्याला तसूभरही शंका आली नव्हती.

चंद्राक्का पेजेत बघत पुढं म्हणाली, "तिथं होडीत आम्ही सगळे होतो रे. तू काठावरून एकेकाला हाक मारायचास आणि एकेक जण उतरून जायचा. मला वाटायचं, आता माझी पाळी. पण तुझी हाक माझ्यापर्यंत यायचीच नाही."

शाळिग्राम पाटी मांडीवर घेऊन खाली बसला. तिची ती साधी तक्रार त्याला आबांच्या फसवणुकीपेक्षा जास्त लागली.

आबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. "हे बघ, खोटं बोलणारा वैद्य ओळखता येतो. पण ज्याला मनापासून वाटतं, त्याचे डोळे त्याच्या नकळत एका रांगेत जास्त बघतात, पाय तिकडे आधी वळतात, हात तिथं जास्त वेळ थांबतो. माझेही तसेच होतात. पन्नास वर्षं झाली, अजून होतात. प्रेम आजाऱ्यावर करावं, औषधावर करू नये. औषधाला परक्यासारखं दारात उभं करून विचारावं, तू कोण, कुठला. आणि विचारणाऱ्याला उत्तर आधी कळू देऊ नये."

व्यापारी वाटी हातात धरून तसाच उभा होता. "मग मी अक्काकडे काय नेऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"अजून आठ दिवस द्या," शाळिग्राम म्हणाला. आबा काही बोलायच्या आतच तो बोलला होता.

दुसऱ्या दिवसापर्यंत चोवीस नवी माणसं खाटांवर आली. या खेपेला घरच्यांना सांगितलं ते असं, की एका मडक्यात खरोखरची मुळी आहे, ती तारेल की नाही ते आम्हालाही ठाऊक नाही. नको असेल त्यानं नाही म्हणावं. कुणी नाही म्हटलं नाही, आणि घागरीतून पुन्हा वाल काढले गेले. मडकी भरली होडीवाल्या सगुणाबाईनं. दोन्हीत आलं इतकं ठेचून घातलं की वास आणि चव एकच लागावी, आणि दोन्ही घुसळली ती फेस येईपर्यंत. कोणत्या दोऱ्याला मुळी आहे, त्या रंगाचा धागा तिनं आपल्या पदराच्या गाठीत बांधला. आबांनाही सांगितलं नाही. शाळिग्राम एक दिवस तळ्याकडून सुरुवात करी आणि एक दिवस डोंगराकडून. प्रत्येक उशाशी तो सारखाच वेळ बसे. नाव घेऊन हाक मारी, ओठ हलले तर कान जवळ नेई. आणि 'जागा झाला' कधी लिहायचं, ते त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं: ज्यानं स्वतःचं नाव सांगितलं, तो जागा.

आठव्या दिवशी सगुणाबाईनं सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडली. निळा धागा निघाला.

पाटी शाळिग्रामनंच वाचली. आवाज सपाट ठेवायचा त्यानं प्रयत्न केला. ज्यांना मुळी दिली नव्हती त्यांतले अकरा जण सातव्या दिवसापर्यंत उठले होते आणि एक परत आला नव्हता. ज्यांना मुळी दिली होती त्यांतलाही एक परत आला नव्हता. सात उठले होते. उरलेले चार अजून होडीतच होते.

"ही मुळी झोप वाढवते," तो म्हणाला.

ते चौघेही पुढच्या दोन दिवसांत हळूहळू उठले. पण तोवर शाळिग्राम त्यांच्या उशाशीच बसून होता, आणि त्याला सारखी दिसत होती ती पलीकडची सात गावं. त्याची मुळी पिऊन ती गावं आणखी खोल निजली असती, आणि त्यानं पाटीवर लिहिलं असतं, गुण येतो आहे.

चौथा माणूस उठल्यावर त्यानं आबांना विचारलं, "मागच्या सालचे ते तिघे?"

"ते उठणारच होते. दहांतले नऊ उठतात."

शाळिग्रामनं हातातली पाटी बाजूला ठेवली. "म्हणजे आईच्या वेळी माझ्या हातात ही वेल असती, तरी..."

"तरी ती गेली असती, बाळा. तुझं काही चुकलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोराच्या हातून काही राहून गेलं नव्हतं."

तेव्हा तो रडला. वीस वर्षांचं रडू होतं ते. आबांनी त्याला थांबवलं नाही. रडून झाल्यावर छाती हलकी कशी झाली, याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. वेल हरली होती, आणि तरी त्याच्या मनावरचं एक ओझं उतरलं होतं.

धक्क्यावर व्यापाऱ्याची होडी तयार होती. त्यानं विचारलं, तेव्हा शाळिग्रामनंच उत्तर दिलं. "शेटजी, मीठ न्या. पेजेत घालायला लागेल. अक्कांना सांगा, निजलेल्याला एकटं ठेवू नका, तासातासाला पाणी पाजा, आणि पांढऱ्या फुलांची वेल कुणी काहीही म्हटलं तरी उकळू नका. आमच्याजवळ औषध नाही. आम्ही शोधतो आहोत."

व्यापाऱ्यानं मान डोलावली. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण निरोप त्यानं दोनदा म्हणून पाठ करून घेतला. मग होडी धुक्यात शिरली आणि वल्ह्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

आपल्याला जे खरं ठरावं असं फार फार वाटतं, त्याचा धागा दुसऱ्या कुणाच्या पदराला बांधून ठेवावा, एवढंच मी या गोष्टीतून घेतलं आहे.

शाळिग्राम छपरात परत आला. त्या दिवशी डोंगराच्या रांगेची पाळी आधी होती. नव्यानं आलेल्या एका म्हातारीच्या उशाशी तो बसला, तिचं नाव घेऊन हाक मारली, आणि कान तिच्या ओठांजवळ नेऊन थांबून राहिला.