बैलपारखी आणि डुक्कर

एका बाजारगावात तुळाजी नावाचा बैलपारखी होता. दात, खूर आणि अंगावरचे भोवरे पाहून तो बैलाची किंमत ठरवी. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नजर तेज होती यात शंकाच नाही. पण नाक नजरेपेक्षाही अंमळ वरच असे.

त्याची बारा वर्षांची मुलगी रंगू आजारी पडली. दोन पावले टाकली तरी तिला धाप लागे. गावचे वैद्यबुवा मोठे कसबी. ते म्हणाले, "हिचं हृदय थकलंय. फार तर महिनाभर साथ देईल. एखाद्या जनावराचं हृदय बसवलं, तर पोर जगेल."

"मग माझा खिलारी बैल घ्या! कपाळावर शुभ भोवरा आहे त्याच्या."

"छातीत भोवरा बसवायचा नाही, तुळाजीराव. बैलाचं हृदय हिच्या छातीत मावायचं नाही."

"मग माकड? ते तर आपल्यासारखंच."

"म्हणूनच त्याचे रोगही आपल्याला चटकन लागतात. शिवाय हृदय लहान पडेल. मापाला आणि कामाला उतरतं ते डुकराचं."

"घाणीतलं जनावर माझ्या पोरीच्या छातीत? शक्य नाही!" तुळाजी कडाडला. पण आतल्या खोलीतून रंगूची धाप ऐकू आली, आणि बाप उठला.

गावाबाहेर यमनाबाई डुकरे पाळत असे. तुळाजी नाकाला उपरणे लावून तिच्या दारात गेला. आत पाऊल टाकणार, तोच ती आडवी आली.

"थांबा! आधी हातपाय धुवा. बाजारातली घाण आत आणू नका, माझी जनावरं आजारी पडतील."

तुळाजी थक्क झाला. आत सारवलेली जमीन, ताजा पेंढा, निवळ पाणी. एवढी स्वच्छता त्याच्या स्वतःच्या गोठ्यातही नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने हातपाय धुतले, नाकावरचे उपरणे काढले आणि म्हणाला, "यमनाबाई, माझ्या पोरीसाठी एक जनावर द्या."

"देते. पण ते जीव देणार आहे. हात जोडून न्या."

आयुष्यात प्रथमच तुळाजीने एका डुकरापुढे हात जोडले.

वैद्यबुवांनी डुकराचे हृदय बसवले आणि रंगू बरी झाली. दोन-तीन महिन्यांत ती मैत्रिणींबरोबर पळू लागली.

एकदा भर बाजारात भांडण जुंपले. एकाने दुसऱ्याला "डुकरा!" अशी शिवी हासडली. बैलाचे दात पाहता पाहता तुळाजी म्हणाला, "बाबा रे, असा कुणालाही फुकटचा मान देऊ नये."

तात्पर्य: पारख गुणांची करावी, लोकांनी ठेवलेल्या नावांची नव्हे, आणि दुसऱ्याची घाण शोधण्याआधी आपले पाय पाहावेत.