कोटातली चावी

गाडीची दुसरी चावी सापडेना, म्हणून चेअरमन दौलतरावांनी ड्रायव्हर गैनीनाथला भर बाजारात खिसे उलटे करायला लावलं. खिशात फक्त तंबाखू निघाली. चोरी न करताही बिचारा लाजेनं अर्धा झाला.

“ह्यानंच लपवलीय! उद्या गाडीच पळवेल!” चेअरमन चावीवाल्या शेवंताबाईंवर खेकसले.

“मग त्या चावीची ओळखच पुसते,” म्हणत बाईंनी गाडीला मशीन जोडलं, चेअरमनच्या हातातल्या चावीची आणि नव्यानं बनवलेल्या चावीची चिप तेवढी गाडीला ओळखायला शिकवली. “आता हरवलेलीनं दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी गैनीनाथ खाली मान घालून शेवंताबाईंच्या टपरीशी बसलेला, तोच लग्नाला जायला कोट चढवलेले चेअरमन पायीच गरजत आले.

“मशीन आहे का खेळणं? चावी फिरते, गाडी ढिम्म!”

बाईंनी चावी मशीनवर तपासली.

“मशीन चोख आहे, साहेब. काल तुमच्याच सांगण्यावरून चोराची चावी बंद केली. ती तुमच्या हाती कशी, ते बाजाराला सांगा.”

चेअरमनचा हात कोटाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. बाजार हसला. गैनीनाथची मान तरीही वर होईना. आता त्याला मालकाकडे बघायची लाज वाटत होती.