सीताफळ, रामफळ आणि खारीचं पोट

झाडांची भांडणं माणसांना ऐकू येत, त्या काळी एका डोंगरउतारावर सीताफळ आणि रामफळ शेजारी शेजारी उभी होती.

सीताफळ आश्विनात पिके. तेव्हा रामफळावर दगडासारखी हिरवी फळं असत, म्हणून सीताफळ म्हणे, "याला पिकणं ठाऊकच नाही." रामफळ चैत्रात पिके. तेव्हा सीताफळाचा नुसता खराटा झालेला असे, म्हणून रामफळ म्हणे, "याला पानंसुद्धा सांभाळता येत नाहीत."

एका वर्षी विहिरीचं पाणी खाली गेलं. माळीण हौसाबाई कुऱ्हाड घेऊन आली आणि दोन्ही झाडांवर हुंदडणाऱ्या खारीला म्हणाली, "खारूताई, पाणी एकालाच पुरेल. जास्त गोड कोण ते सांग, दुसरं तोडते."

दोन्ही झाडांचं पान हलेना.

खार म्हणाली, "सीताफळाची साखर दाणेदार. एकेक डोळा उकलावा, बी तोंडात घोळवावी, घाई करूच नये. रामफळ सायीसारखं मऊ, बिया मोजक्या, ऐन उन्हात जीव गार करणारं."

"पण जास्त गोड कोण?"

"दिवाळीत विचाराल तर सीताफळ, गुढीपाडव्याला विचाराल तर रामफळ. हौसाबाई, माझं पोट बारमाही आहे."

हौसाबाईने कुऱ्हाड खाली ठेवली आणि असलेलं पाणी दोघांना अर्धं अर्धं घातलं. त्या वर्षी फळं लहान आली, पण दोघांनाही आली.

उन्हाळा सरता सरता सीताफळाला पालवी फुटली. पहिलं पान उघडताच त्याने खारीला विचारलं, "यंदा रामफळ कसं होतं गं?"