मंदाताईंचा करार

बार्शीच्या मंदाताई ढोबळे नाना तऱ्हेच्या सासवांच्या नकला करून मोबाइलवर टाकत आणि लाखो लोक पोट धरधरून हसत. त्यांना करारात बांधून घ्यायला पुण्याच्या एका एजन्सीचे मालक कारखानीस स्वतः गाडी घेऊन आले. जाहिराती मिळवून देणारं कुणीतरी मंदाताईंना हवंच होतं. पण करार वाचता वाचता त्या थबकल्या. पुढची दहा वर्षं कारखानिसांच्या परवानगीशिवाय त्यांना एकही नक्कल करता येणार नव्हती.

“साहेब, एवढं कलम काढा की,” त्या म्हणाल्या.

कारखानीस खुर्चीत मागे रेलले. “बाई, कलाकार आपोआप मोठा होत नसतो, आम्ही त्याला मोठा करतो. मनावर घेतलं तर रस्त्यातल्या दगडालासुद्धा आम्ही स्टार करू!”

मंदाताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला आणि अगदी काळजीने विचारलं, “मग एवढ्या लांब कशाला आलात, साहेब? पुण्यात दगड मिळंना झालेत व्हय?”

कारखानिसांनी चहा संपवला. मग त्यांनी पेन काढून ते कलम आपल्याच हाताने खोडलं आणि मंदाताईंनी सही केली.

पुण्यात मात्र कारखानीस अजून सांगत फिरतात, की या बाईला बोलायला त्यांनीच शिकवलं.