न वाळणारे मडके

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही जन्माआधीची ही गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात राजा नव्हता. लोक मैदानात जमत आणि ज्याच्या नावाचा घोष सर्वांत मोठा होई, तो नायक होई. नवे काही ठरवायचे तरी हीच रीत. मोठा आवाज म्हणजे न्याय, असे ते लोक मानत. चार शहाणे कपाळाला हात लावत, पण कपाळाला हात लावल्याचा कुठे आवाज होतो?

या राज्यात चिमा नावाची एक कुंभारीण होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, चाक फिरवायचे तेही दुसऱ्याच्या अंगणात. आपल्या मालकीच्या अंगणात आपले चाक फिरावे, एवढीच तिची आस होती.

एका वर्षी एक लढवय्या नायक झाला. गालावर तलवारीचा वण, बोलणे रांगडे. पहिल्याच दिवशी त्याने वाड्याची दारे काढून टाकली आणि हे घर तुमचेच आहे, असे लोकांना सांगितले. लोक चिखलाच्या पायांनी आत शिरले, गालिचे तुडवले, पडद्यांना हात पुसले. जुने कारकून हाकलून नायकाने त्यांच्या जागी आपले सोबती बसवले, तरी लोक खूश. त्या गर्दीत त्याने चिमाच्या टोपलीतली भाकरी मागून घेतली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून खाल्ली. चिमाच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून तो म्हणेल ती तिला पूर्व दिशा झाली.

पुढे एकदा मैदानात नायकाने विचारले, काय हवे तुम्हाला? लोकांना नदीपलीकडचे रान हवे होते. तिथली जमीन काळीभोर, माती लोण्यासारखी. पण तिथे डोंगरकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि त्यांच्याजवळ एका जुन्या नायकाने दिलेला ताम्रपट होता. नदी वाहते आहे तोवर हे रान तुमचे, असे त्यावर कोरलेले होते. म्हाताऱ्या न्यायाधीशाने तो वाचून दाखवला आणि रान त्यांचेच, असा निवाडा दिला.

नायकाने तो पट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "पत्रा बोलला, आम्ही ऐकलं," तो म्हणाला. "आता त्याला म्हणावं, हातपाय असतील तर ऊठ आणि आम्हाला अडव."

मैदान हसले. सगळ्यांत मोठ्याने चिमा हसली. मग घोष झाला.

भर थंडीत शिपायांनी डोंगरकऱ्यांना बाहेर काढले. दोन दिवस त्यांची रांग नदीकाठाने चालली होती. कुणी रडत नव्हते, आणि बघणाऱ्यांना त्याचीच भीती वाटली. कोपरापर्यंत मातीने माखलेली एक म्हातारी चिमापुढे थांबली.

"माझ्या चाकावर मडकं अर्धं राहिलंय, बाई," ती म्हणाली. "तेवढं वाळू दे. मग चाक घे." आणि ती रांगेतून पुढे गेली.

रानाची वाटणी झाली, तेव्हा नेमके त्या म्हातारीचेच घर चिमाच्या वाट्याला आले. घर तुझे, पिढ्यान्‌पिढ्या तुझे, असा नायकाच्या हातचा कागदही मिळाला. अंगण झाडलेले होते आणि चाकावर ओले मडके होते. चिमा काही दगडाच्या काळजाची नव्हती. वाळू दे बापडे, मग चाक घेऊ, असे तिने ठरवले.

आठ दिवस कडक ऊन पडले. दोरीवरची लुगडी वाळली, अंगणातले शेण वाळले. मडके मात्र ओलेच राहिले. शिवाय रोज सकाळी ते बोटभर वाढलेले असे आणि काठावर बोटांचे ताजे ठसे असत. येताना-जाताना कुणी दिसत नसे. नवव्या दिवशी चिमाने जीव मुठीत धरून ते दोऱ्याने चाकावरून कापले आणि नदीत सोडले. मग तिने स्वतःची मडकी घडवली. तीही वाळेनात. दिवसभर भट्टी पेटवून उघडली, तर आतली मडकी ओलीचिंब, हाताला थंड लागणारी.

रानात येऊन वसलेल्या कोष्ट्यांचे सूतही मागावर भिजत होते. पण मैदानात जाऊन हे सांगणार कोण? रान तर सगळ्यांनी ओरडूनच मागितले होते. मग कुणीतरी कुजबुजले, की हा कुंभारांचा पायगुण. कुजबुजीचा गलका झाला आणि एके दिवशी मैदानाने कुंभारांना घालवून द्या, असा घोष केला.

चिमा कागद घेऊन धावत गेली. "नायक, हा तुमचा शब्द आहे. माझी भाकरी खाल्लीत तुम्ही."

नायकाने तिला ओळखले. तो मायेने हसला. "कागद बोलला, मावशी. आम्ही ऐकलं."

पुढचे त्याला बोलावे लागले नाही. ते मैदानानेच म्हटले आणि मैदानच हसले.

डोंगरकरी गेले होते त्याच वाटेने चिमा निघाली. वाटेच्या कडेला दगडांच्या लहान-मोठ्या राशी होत्या. लहान राशी फार होत्या, म्हणून तिने तिकडे बघणे सोडले. बाराव्या दिवशी मुरमाड माळावर एक झोपडी लागली. दारात ती म्हातारी बसली होती. तिचे हात कोरडे ठणठणीत होते, कारण तिथे घडवण्याजोगी मातीच नव्हती.

"तुमची माणसं कुठं आहेत?" चिमाने विचारले.

म्हातारीने चिमा आली त्या वाटेकडे बोट केले.

 लपवून ठेवण्यासारखे तिच्याजवळ आता काही उरले नव्हते. "त्या दिवशी मैदानात मी हसले होते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. अजून इथवर ऐकू येतं." म्हातारी थोडी सरकली आणि तिने शेजारची जागा हाताने झाडली. "बस. अजून पुष्कळ जण यायचेत."

चिमाने वळून पाहिले. दूर वाटेवर धूळ उठली होती. कोष्टी येत होते.

तात्पर्य : दुसऱ्याला दिलेला शब्द मोडताना जो हसतो, त्याने स्वतःला मिळालेल्या शब्दावर विसंबू नये.