शाल अंगावर, दोरी कुलपात

विषय : उतारू निघून गेल्यावर खोलीत राहिलेल्या वस्तूंची व्यवस्था.
संदर्भ : शिष्याने विश्वस्तांकडे केलेला अर्ज.

एक वृद्ध गृहस्थ एक धर्मशाळा सांभाळीत असत. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. तो हुशार होता, आणि ते कोणाला विसरू देत नसे. उतारू गेला की खोली झाडायची आणि मागे राहिलेले सामान आबांपुढे ठेवायचे, हे त्याचे काम.

एके सकाळी एक व्यापारी घाईघाईने शहराकडे निघून गेला. शिष्य त्याच्या खोलीतून धावतच बाहेर आला.

"आबा, घबाड! अस्सल काश्मिरी शाल राहिलीय. कपाटात ठेवतो. आणि ही मळकी दोरी, गाठी मारलेली. ही केरात टाकतो."

आबांनी शाल उलगडली आणि ओसरीवर तापाने कुडकुडणाऱ्या एका उतारूच्या अंगावर घातली. मग दोरीची नीट गुंडाळी करून ती लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि ओढून पाहिले.

आबांना भ्रम झाला, याविषयी शिष्याला शंका उरली नाही. कपाटाची किल्ली यापुढे आपल्याकडे असावी, असा अर्ज त्याने त्याच दुपारी विश्वस्तांना लिहिला. अर्ज रीतसर आबांमार्फतच गेला. आबांनी त्यातले शुद्धलेखन सुधारले आणि सही करून पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी धापा टाकीत दारात हजर झाला. शालीवर एव्हाना काढ्याचा डाग पडला होता.

"शेठजी, शाल मी दिली नाही हो, यांनी..."

"शाल गेली खड्ड्यात. माझी दोरी कुठाय? गावच्या देवीच्या मस्तकाचं माप आहे त्यात. सोनार मुकुट घडवायला खोळंबलाय, जत्रा तोंडावर आलीय. माप आणायला परत गावी गेलो, तर देवी बोडकीच बसेल आणि गाव मला उभं करणार नाही."

आबांनी कुलूप काढले. व्यापाऱ्याने गाठी चाचपल्या, दोरी कपाळाला लावली. मग त्याला ओसरीवरची शाल दिसली. शिष्याने डोळे मिटले.

"ताप उतरला की द्या पाठवून," म्हणत व्यापारी पळाला. या खेपेस छत्री विसरला.

"आबा, तुम्हाला मापाचं ठाऊक होतं?"

"कुठून ठाऊक असणार? पण शाल कोणालाही ऊब देते; मालक येईपर्यंत देऊ दे. या दोरीचा मात्र जगात दुसऱ्या कोणाला उपयोग नाही. म्हणजे ती पुरती त्याची. जी वस्तू पुरती एकाचीच असते, ती हरवली तर बाजारात मिळत नाही. कुलूप तिला लावावं."

बाहेर ऊन तापले होते आणि एक म्हातारी उतारू बाजाराला निघाली होती. शिष्याने छत्री उचलली, झटकली आणि तिच्या हाती दिली. "संध्याकाळी परत आणा हं, मावशी."

त्यानंतर त्याने पहिला अर्ज मागे घेण्याचा दुसरा अर्ज केला. तोही आबांमार्फतच गेला. या वेळी शुद्धलेखन सुधारावे लागले नाही. विश्वस्तांची सभा अद्याप भरलेली नाही. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.