सात रंगांचं पॅनेल

“अजून काय दिसतंय?”

दाऊदचाचांनी तिसऱ्यांदा विचारलं, तशी केतकी चिडली.

“सगळं दिसतंय, चाचा! वेग, दिशा, पाण्याची खोली, इंजिनाची गरमी. सात रंगांत सात आकडे. चष्मा घरी विसरलेल्यालाही दिसतील!”

पोर हुशार होती, हे कुणी नाकारलं नसतं. तिनं स्वतः तर मुळीच नाही.

नव्या लाँचच्या सुकाणूच्या खोलीत दोघांनी भर दुपारी काचांवर घोंगड्या टांगून काळोख केला होता. रात्री ही खोली अशीच काळोखात ठेवतात, बाहेरचा समुद्र दिसावा म्हणून. चाळीस वर्षं जहाजांचं सुकाणू धरलेल्या चाचांनी मान डोलावली, तरच केतकीचं पॅनेल उद्या इथं बसणार होतं. नाहीतर आठ महिन्यांची मेहनत खोक्यात परत.

“उजेड कमी होतो याचा?”

“होतो. पण मग माझे रंग मरतात.”

“अस्सं... अजून काय दिसतंय?”

“काही नाही! अजून आहेच काय इथं?”

“ओढणी टाक गो त्याच्यावर.”

तिनं फणकाऱ्यानं टाकली. मिट्ट काळोख.

“घ्या! आता तर काहीच दिसत नाही.”

“थांब.”

...

थांबणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती मनात आकडे मोजत बसली. तीनशेच्या पुढे गेली, तेव्हा घोंगडीच्या फटीतला पुसट उजेड जाणवला. आधी खिडकीची चौकट दिसली. मग चौकटीपाशी काहीतरी हललं.

सत्तरी उलटलेले दाऊदचाचा लुंगी खोचून, दोन्ही हातांनी डोक्यावर पंचा फिरवत, अनवाणी, मांजराच्या पावलांनी नाचत होते!

“चाचा! हे काय?”

“होडीत आहे मी. जाळं टाकून बसलोय. तुझं जहाज येतंय अंगावर.”

“कधीपासून नाचताय?”

“तू आकडे वाचत होतीस ना... तेव्हापासून.”

केतकी खदखदून हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आणि हसता हसता तिची नजर ओढणीखालच्या पॅनेलकडे गेली.

ओढणी काढून तिनं बटण फिरवलं. निळा मेला. हिरवा मेला. तिनं आणखी फिरवलं. शेवटी राखेतल्या निखाऱ्याएवढा तांबडा तेवढा उरला. आकडे वाचता येत होते. त्यांच्या पलीकडे पंचाही दिसत होता, गरागरा फिरणारा.

“दिसताय, चाचा!” ती ओरडलीच. “दिसताय!”

“मग आता हात खाली घेतो गो. खांदे भरून आले.”